शेवटच्या विद्यार्थ्याची चाल : पदभ्रमंतीच्या पूर्वतयारीविषयी

दिवाळीची सुट्टी संपून वसतिगृह पुन्हा भरले की विद्यार्थ्यांकडून एक मागणी हमखास येते, ती म्हणजे यंदा लेणी पाहावयास पायी जाऊ या. त्याच सुमारास पालकांकडून एक प्रश्नही येतो. मुलांना डोंगरात पायी नेणे सुरक्षित आहे काय? मागणी रास्त आहे आणि प्रश्नही तितकाच रास्त आहे. या दोहोंना दोन सोपी उत्तरे देता येतात. एक, जोखीम नको म्हणून सहलच रद्द करावी. दुसरे, आजवर काही झाले नाही तेव्हा यंदाही होणार नाही असे म्हणून निघावे. पहिल्या उत्तरात भय आहे, दुसऱ्यात दैववाद. तथागतांच्या आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारांवर उभ्या असलेल्या शिक्षणसंस्थेला यांपैकी एकही शोभणारे नाही. कार्यकारणभाव जाणून वेळीच उपाय करणे, म्हणजेच पूर्वतयारी करणे, हे तिसरे उत्तर होय. प्रस्तुत लेखात त्याच तयारीचा विचार करावयाचा आहे.

आपल्या चालण्याचा इतिहास

या विषयाकडे आपल्या समाजाने केवळ सहल म्हणून पाहू नये, याला ऐतिहासिक कारण आहे. आपल्या पूर्वजांच्या वाट्याला चालणे पुष्कळ आले, परंतु ते स्वेच्छेचे नव्हते. वेसकर आणि तराळ म्हणून सरकारी टपाल पोहोचविणे, आलेल्या अधिकाऱ्यास वाट दाखविणे, गावकीचे निरोप घेऊन रात्री-अपरात्री कोस-दोन कोस जाणे ही वतनाची कामे होती. या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ही कनिष्ठ वतने प्रत्यक्ष रद्द झाली ती मात्र १९५८ च्या कायद्याने. आजही एखादे आजोबा ‘कशाला ती पायपीट?’ असे म्हणतात, तेव्हा त्या उद्गारामागे हा सारा इतिहास असतो. म्हणूनच, पाहण्यासाठी व शिकण्यासाठी स्वतःच्या इच्छेने चालणे हा आपल्या मुलांना मिळालेला नवा अधिकार आहे. निष्काळजीपणामुळे तो गमावता कामा नये.

पूर्वतयारी कोलमडली म्हणजे मुलांवर काय ओढवते, याचे उदाहरण बाबासाहेबांच्या बालपणातच आहे. १९०१ साली लहानगा भीमराव, त्याचा भाऊ आणि दोन भाचे साताऱ्याहून गोरेगावी वडिलांकडे निघाले. येत असल्याचे पत्र त्यांनी आधी पाठविले होते, परंतु शिपायाच्या हयगयीमुळे ते वडिलांच्या हाती पडलेच नाही. मसूर स्थानकावर न्यावयास कोणी आले नाही. जात कळताच गाडीवान तयार होईनात. अखेर दुप्पट भाड्यावर गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकावयाची या अटीवर. जवळ भरपूर खाद्यपदार्थ असूनही मुले रात्रभर उपाशी राहिली, कारण प्यावयास पाणी मिळाले नाही. या प्रसंगातून अस्पृश्यतेचे क्रौर्य तर दिसतेच. शिक्षकाच्या नजरेने पाहिले असता आणखी एक गोष्ट दिसते. केवळ निरोप पाठवून भागत नाही, तो पोहोचल्याची खात्री करावी लागते. आणि पाण्यावाचून शिदोरी व्यर्थ असते.

पुढे १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहावयास गेले. तेथील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांना अपमान सहन करावा लागला. गडावर कोठेही पाण्यास स्पर्श करू नये म्हणून त्यांच्याबरोबर सशस्त्र शिपाई देण्यात आला. त्यापूर्वी सात वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याकडे हजारो माणसे शिस्तीने चालत गेली होती. चालणे, पाणी आणि शिस्त या तीन गोष्टी आपल्या इतिहासात अशा एकत्र गुंफलेल्या आहेत. पदभ्रमंतीच्या तयारीतही याच तिन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो.

वाट आणि ऋतू यांची निवड

उदाहरणासाठी मावळातील भाजे लेणी घेऊ. पुणे–लोणावळा लोहमार्गावरील मळवली स्थानकापासून भाजे गाव चालण्याच्या अंतरावर आहे. गावापासून लेण्यांपर्यंत पायऱ्यांची चढण आहे. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासून कोरलेली ही लेणी, लाकडी फासळ्यांचे चैत्यगृह आणि स्तूपांचा समूह पाहताना पाठ्यपुस्तकातील सातवाहनकाळ मुलांसमोर प्रत्यक्ष उभा राहतो. प्रथमच चालणाऱ्या गटासाठी ही वाट योग्य आहे, कारण ती लांब नाही, वस्ती जवळ आहे आणि परतीसाठी रेल्वे आहे. वरच्या अंगास असलेल्या लोहगड-विसापूरचा मोह होतो. परंतु पहिल्या वर्षी तो आवरावा. पहिली वाट अशी असावी की मुलांना ‘आणखी चाललो असतो’ असे वाटत परत यावे.

ऋतूच्या बाबतीत संघाची परंपरा मार्गदर्शक आहे. वर्षभर चारिका करणारे भिक्खू आषाढ पौर्णिमेनंतर तीन महिने वर्षावासासाठी एका ठिकाणी राहत. पावसाळ्यात चालण्याने हिरवे अंकुर तुडवले जातात आणि बारीक जीव मरतात, अशी लोकांची तक्रार होती व ती मान्य करून हा नियम झाला. आज पावसाळ्यात हाच मावळ धबधब्यांसाठी गर्दीने भरून जातो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. डोंगरावर वरच्या बाजूस पडलेल्या पावसाचे पाणी खाली अचानक वाढते. खाली उभ्या असलेल्या माणसाला त्याची कल्पना नसते. म्हणून विद्यार्थ्यांची पायी सहल डिसेंबर-जानेवारीतच ठेवावी. कोणत्याही ऋतूत ओढा, तळे किंवा धरणाच्या पाण्यात उतरावयाचे नाही, हा नियम निरपवाद असावा.

वाट ठरली की आठ-दहा दिवस आधी दोन शिक्षकांनी ती स्वतः चालून पाहावी. पिण्याचे पाणी कोठे मिळते, स्वच्छतागृह कोठे आहे, भ्रमणध्वनीला कोठे संपर्क मिळतो आणि कोठे तुटतो, घसारा म्हणजे सुटी खडी कोणत्या उतारावर आहे, कड्याला मोहोळ लागले आहे काय, जवळचे रुग्णालय कोणते व तेथे सर्पविषावरील प्रतिविष उपलब्ध आहे काय, या सर्वांची नोंद करावी. स्थानिक ग्रामस्थांशी बोलावे. नकाशात नसलेल्या पुष्कळ गोष्टी त्यांच्याकडून कळतात.

वेळेचा हिशेबही आधी करावा. नैस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा ठोकताळा सांगितला. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. हा हिशेब सराव असलेल्या प्रौढ माणसाचा आहे. शाळकरी मुलांसाठी त्याच्या दीडपट वेळ धरावा, विश्रांती वेगळी मोजावी आणि सूर्यास्तापूर्वी किमान दोन तास मुक्कामाच्या किंवा वाहनाच्या ठिकाणी पोहोचावे. परतीची वेळ घड्याळाने ठरते. लेण्यातील एखादे दालन पाहावयाचे राहिले तरी चालेल, पण ती वेळ टळू देऊ नये.

विद्यार्थ्यांची ओळख आणि सराव

प्रत्येक विद्यार्थ्याची आरोग्यनोंद ही तयारीची दुसरी पायरी आहे. दमा, फिट येणे, मधुमेह, हृदयविकार, कीटकदंशाची ॲलर्जी आणि नियमित औषधे यांची माहिती पालकांकडून लेखी घ्यावी. आपल्या वसतिगृहांच्या दृष्टीने सिकलसेलचा उल्लेख विशेष आवश्यक आहे. विदर्भातील अनुसूचित जातींत व आदिवासी समाजांत या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. शरीरातील पाणी कमी होणे, अतिश्रम आणि थंडी यांमुळे अशा मुलांना तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. याचा अर्थ त्यांना मागे ठेवावे असा नाही. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, त्यांना वारंवार पाणी द्यावे, सावकाश चालू द्यावे, थंड पाण्यापासून दूर ठेवावे आणि सांधे, छाती किंवा पोट दुखू लागल्यास तात्काळ चालणे थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. ही माहिती केवळ जबाबदार शिक्षकांपाशी असावी. ती मित्रांच्या चेष्टेचा विषय होऊ देऊ नये.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. मासिक पाळी हे सहलीला न नेण्याचे कारण होऊ शकत नाही. सॅनिटरी पॅड, कागदी पिशव्या आणि वेदनाशामक गोळ्या शिक्षिकेपाशी असाव्यात, वाटेवरील स्वच्छतागृहाची माहिती मुलींना आधीच द्यावी आणि त्यांच्याबरोबर शिक्षिका असावीच. विटाळाच्या कल्पनेने ज्या समाजाचे पाणी तोडले गेले, त्या समाजाने त्याच नावाखाली आपल्या लेकींना मागे ठेवू नये.

सराव चार आठवडे आधी सुरू करावा. पहिल्या आठवड्यात दोन किलोमीटर, पुढे चार, नंतर सहा, अशी सकाळची फेरी ठेवावी. शेवटच्या फेरीत पाठीवर प्रत्यक्ष नेणार ती पिशवी असावी. कोणाचा बूट चावतो, कोणाला धाप लागते आणि कोण पाणी प्यावयास विसरतो, हे वसतिगृहाच्या आवारातच कळलेले बरे. डोंगरात कळले तर फार उशीर झालेला असतो.

पाणी, शिदोरी आणि पादत्राणे

भाजे येथील एका कोरीव लेखात एका महारठीने पाण्याची पोढी दान केल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात विहार कोरणाऱ्यांनी निवाऱ्याबरोबरच पाण्याची सोय केली. ही दूरदृष्टी आपण घ्यावी. आज मात्र त्या टाक्यांतील पाणी पिण्याजोगे आहे असे गृहीत धरू नये. दिवसभराच्या चालीसाठी प्रत्येकाकडे किमान दोन लिटर पाणी असावे आणि गटाचा राखीव साठा वेगळा असावा. तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने सर्वांनी एकदमच चार घोट पाणी घ्यावे. जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घ्यावे. हा चमचा चहाचा. मिठाचे प्रमाण मात्र वाढू देऊ नये.

शिदोरी सामाईक असावी. भाकरी, कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे आणि केळी पुरेशी आहेत. एकाच्या डब्यात मिठाई आणि दुसऱ्याच्या डब्यात कोरडी भाकरी असे चित्र सहलीत दिसू नये. सर्वांनी एका पंगतीत बसून तेच अन्न खावे. सहभोजनाचे संस्कार भाषणापेक्षा अशा पंगतीतून अधिक होतात.

पादत्राणांचा प्रश्न नाजूक आहे. पुष्कळ मुलांकडे चपलेशिवाय काही नसते, आणि चपलेने उतारावर पाय मुरगळतो. ‘बूट असतील त्यांनीच यावे’ अशी अट घातली तर गरीब मूल आजारपणाचे निमित्त करून मागे राहते. म्हणून शाळेने कॅनव्हासच्या बुटांचे जोड विविध मापांत राखून ठेवावेत आणि सरावाच्या दिवसापासूनच सर्वांना वाटावेत. त्याबरोबर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टोपी आणि मोजे असावेत. उग्र वासाचे अत्तर व फवारे मात्र नेऊ नयेत, कारण मधमाश्या त्यामुळे बिथरतात.

रांगेची शिस्त

चाळीस विद्यार्थ्यांचा गट असल्यास दहा-दहांच्या चार तुकड्या कराव्यात. प्रत्येक तुकडीस एक प्रौढ व्यक्ती असावी, आणि त्याखेरीज वाट ठाऊक असलेला एक जण सर्वांत पुढे व एक अनुभवी व्यक्ती सर्वांत मागे असावी. पुढच्याला कोणी ओलांडावयाचे नाही आणि मागच्याच्या मागे कोणी राहावयाचे नाही. दोन-दोन विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात. ‘माझा जोडीदार कोठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाला कोणत्याही क्षणी देता आले पाहिजे. रेल्वेत चढताना व उतरताना, प्रत्येक थांब्यावर आणि लेण्यातून निघताना गणती करावी. स्थानकावर रूळ न ओलांडता पादचारी पुलाचाच वापर करावा. पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने, एकेरी रांगेत चालावे. शिट्टीच्या खुणाही आधी शिकवाव्यात. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, आणि मिनिटभरात सहा शिट्ट्या म्हणजे मदत हवी.

संपूर्ण गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्या विद्यार्थ्याने ठरवावयाचा. हा या लेखाचा गाभा आहे. सामान्यतः धट्टीकट्टी मुले पुढे धावतात, थांबून बसतात आणि मागचे मूल धापा टाकत पोहोचले की लगेच उठून निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती मिळत नाही. दमलेले, लाजलेले आणि एकटे पडलेले मूलच घसरते, वाट चुकते किंवा पाणी संपल्याचे सांगत नाही. त्याला रांगेत पुढच्या बाजूस घ्यावे, त्याच्या पिशवीतील ओझे इतरांनी वाटून घ्यावे आणि तो पोहोचल्यावर पूर्ण पाच मिनिटे सर्वांनी थांबावे. समतेचा अर्थ येथे मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

संकटसमयी

सहलीपूर्वी एक तास प्रथमोपचारासाठी द्यावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील प्रमुख विषारी साप होत. सर्पदंश झाल्यास मंत्र-तंत्र, जखम कापणे, विष चोखणे, दोरीने करकचून बांधणे यांपैकी काहीही करू नये. रुग्णास धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा, अंगठी-कडे काढावे आणि तात्काळ रुग्णालय गाठावे. प्रतिविष हाच उपचार आहे. साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ दवडू नये.

कोकणातील लाल विंचवाचा दंश हृदयावर परिणाम करतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाने त्यावरील उपचारांना नवी दिशा दिली. घाम, उलट्या किंवा थंड पडलेले हातपाय दिसल्यास घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे न्यावे. आग्या मोहोळाजवळ दगड, धूर आणि गोंगाट पूर्णपणे वर्ज्य आहेत. माश्या उठल्याच तर तोंड-डोके कापडाने झाकून शक्य तितक्या लवकर दूर, बंदिस्त जागी जावे आणि त्वचेतील काटे नखाने खरवडून काढावेत. ओठ सुजणे किंवा श्वास अडखळणे ही धोक्याची खूण समजावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि सर्व आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असावेत.

लेण्यांमध्ये भिंतींवर चढणे, स्तूपावर बसणे व नावे कोरणे यांस सक्त मनाई असावी. प्राचीन लेखांत दात्यांची नावे आहेत, कारण त्यांनी काही दिले. ज्याने काही दिले नाही त्याचे नाव त्या दगडावर असण्याचे कारण नाही.

पालक आणि माजी विद्यार्थ्यांस

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी पालकांनी शाळेस पाच प्रश्न अवश्य विचारावेत. वाट कोणी व केव्हा चालून पाहिली? दहा मुलांमागे प्रौढ किती? माझ्या मुलाच्या आजाराची माहिती कोणाकडे आहे? पाणी किती आणि कोठे मिळणार? परतीची वेळ टळल्यास मला कोण कळविणार? असे विचारणे म्हणजे शिक्षकांवर अविश्वास दाखविणे नव्हे. ज्या शाळेपाशी ही उत्तरे लिखित स्वरूपात तयार आहेत, तिच्याबरोबर मुलांना, आणि विशेषतः मुलींना, निःशंक मनाने पाठवावे.

माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे. आपल्यापैकी कोणी परिचारिका आहेत, कोणी पोलीस दलात, कोणी वनखात्यात, कोणी एस. टी. महामंडळात. वर्षातून एक रविवार या कामासाठी द्यावा. प्रथमोपचाराचा तास आपण घ्यावा, रांगेच्या शेवटी आपण चालावे. ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी बुटांचे दोन जोड पाठवावेत.

सहलीहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी बैठक घ्यावी. कोठे उशीर झाला, कोठे पाणी कमी पडले, कोण थोडक्यात घसरता वाचला, हे विद्यार्थ्यांच्याच शब्दांत एका वहीत लिहून ठेवावे आणि ती वही पुढील वर्षीच्या तुकडीच्या स्वाधीन करावी. अशा नोंदी साठत गेल्या की दर वर्षीची वाट अधिक सुरक्षित होत जाईल, आणि शेवटून चालणारे मूलही इतरांबरोबरच लेण्याच्या पायरीवर पोहोचेल.

नमो बुद्धाय! जय भीम!